शुक्रवार ते शुक्रवार

उद्योजकांच्या गटात नव्याने दाखल झालेल्या माणसाचे पहिले काही महिने बहुतेक ठरल्यासारखे जातात. पहिल्या सभेला तो खिसा भरून व्हिजिटिंग कार्डं आणतो आणि सगळी वाटून परत जातो. महिन्याभरात बाकीच्यांची नावं पाठ होतात. मग हिशेब सुरू होतो. एका बाजूला वर्षाची वर्गणी, दर आठवड्याचा नाश्ता, पेट्रोल, सकाळचे अडीच-तीन तास. दुसऱ्या बाजूला आलेलं काम. तिथे एखादीच चौकशी असते, तीही दर विचारून थांबलेली. चौथ्या-पाचव्या महिन्यात एक सभा चुकते, मग सलग दोन. वर्ष संपत आलं की त्याचं मत पक्कं झालेलं असतं : तिथे काही मिळत नाही.

त्याला काही मिळालेलं नसतं, हे खरंच आहे. पण त्याच गटात, तेवढीच वर्गणी भरून, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या दुसऱ्या कुणाचा बराचसा धंदा तिथल्या ओळखींवर चालतो, हेही खरं असतं. दोघांत फरक कशाचा? बोलण्याची हातोटी, मनमिळाऊ स्वभाव, धंद्याचा प्रकार या गोष्टी थोड्याफार कामी येतात. माझ्या मते मोठा फरक पडतो तो दोन सभांच्या मधल्या दिवसांत. सभेत आपण स्वतःबद्दल सांगत असतो. मधल्या दिवसांत लोक आपल्याला पाहत असतात, आणि काम सोपवायची वेळ आली की ते पाहिलेलंच आठवतात.

एखाद्यासाठी शब्द टाकणं म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. समजा, एका कर सल्लागाराने आपल्या पंधरा वर्षांच्या अशिलाला सांगितलं, 'ऑफिसचं फर्निचर करायचंय ना, मग यांना बोलवा.' त्या क्षणी त्याने स्वतःची पत दुसऱ्याच्या हातात दिली. फर्निचर वेळेवर आणि नीट झालं तर त्याला फारसं काही मिळत नाही, फार तर आभाराचा एक फोन. काम बिघडलं तर मात्र पंधरा वर्षांचं नातं आंबतं. एवढी जोखीम तो कुणासाठी घेईल? सभेत प्रत्येकाला मिळणाऱ्या साठ सेकंदांतल्या छान भाषणासाठी तर नक्कीच नाही. ज्याचं काम त्याने स्वतः पाहिलंय, किंवा ज्याच्या वागण्यावरून कामाचा अंदाज बांधता येतो, अशाच माणसासाठी तो ती घेतो. हा अंदाज बांधायला वेळ लागतो. वर्गणी भरून तो वेळ विकत घेता येत नाही.

म्हणूनच अशा गटांचे नियम देशोदेशी एकमेकांसारखे दिसतात. 23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तिघांना एकत्र बसवलं : खाण अभियंता गुस्ताव्ह लोअर, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील आणि शिंपी हायरम शोरे. लोअर यांच्या कचेरीत, युनिटी बिल्डिंगच्या 711 क्रमांकाच्या खोलीत ही बैठक झाली. पुढच्या बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत होऊ लागल्या, म्हणून रोटरी हे नाव पडलं. प्रत्येक धंद्यातला एकच सभासद घ्यायचा असा दंडक होता. 1985मध्ये कॅलिफोर्नियातल्या आर्केडिया गावी आयव्हन मिस्नर या व्यवस्थापन सल्लागाराने एक मोठा ग्राहक हातचा गेल्यावर मित्रांना जमवलं आणि त्यातून बीएनआय ही संस्था उभी राहिली. तिथेही एका धंद्याचा एकच माणूस, दर आठवड्याला ठरलेल्या वेळी सभा, आणि सहा महिन्यांत तीनपेक्षा जास्त गैरहजेरी चालत नाही. यायला जमणार नसेल तर बदली माणूस पाठवायचा. महाराष्ट्रात रेल्वेतून निवृत्त झालेले अभियंते माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब उभा केला. त्याचं ब्रीदही एकमेकांना हात देऊन सगळ्यांनी पुढे जाण्याचंच आहे.

हजेरीचा नियम नव्या सभासदाला जाचक वाटतो. आपण काय शाळेत आहोत का, असं तो विचारतो. पण हा नियम काढून टाकला तर गटात उरतं काय? भिशीत पहिल्याच महिन्यात नंबर लागला म्हणून दुसऱ्या महिन्यापासून यायचं बंद केलेल्या माणसाला पुढे कुणी भिशीत घेत नाही, कारण बाकीच्यांनी पैसे टाकलेले असतात ते तो पुढेही येत राहील या भरवशावर. गटात पैशांच्या जागी प्रत्येकाचा वेळ आणि पत असते. 

या सगळ्याचा सर्वांत बोलका दाखला मला सापडतो तो मात्र रोटरीच्याही पावणेदोनशे वर्षं आधीचा. 1727च्या शरद ऋतूत फिलाडेल्फियात एकवीस वर्षांच्या एका छापखाना-कामगाराने आपल्यासारख्या होतकरू लोकांचा एक गट जमवला. नाव ठेवलं जंटो. त्या तरुणाचं नाव बेंजामिन फ्रँकलिन. दर शुक्रवारी संध्याकाळी बैठक. सभासदांत दस्तऐवजांच्या नकला करणारा लेखनिक होता, जमीन मोजणारा होता, चांभार, सुतार, काचकाम करणारा, एका व्यापाऱ्याकडचा कारकून आणि एक सधन घरचा तरुणही होता. मोठा म्हणावा असा त्यांच्यात कुणीच नव्हता. शहरातल्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यांचा क्लब वेगळा होता.

जंटोच्या बैठकीत ठरावीक प्रश्न वाचले जात. अलीकडे शहरात कुणाचा धंदा भरभराटीला आल्याचं ऐकलंत का, आणि तो कशामुळे? कुणाचं दिवाळं निघालं का, आणि त्याचं कारण काय? नव्याने दुकान थाटलेला, हात द्यावा असा कुणी तरुण माहीत आहे का? ज्याची ओळख तुम्हाला हवी आहे आणि आपल्यापैकी कुणी करून देऊ शकेल असा कुणी माणूस आहे का? तुमच्या नावाला कुणी बट्टा लावला असेल तर आपण काय करू शकतो? आजच्या गटांत जे काही चालतं त्यातलं जवळपास सगळं या प्रश्नांत आहे. त्यापलीकडे प्रत्येकाला पाळीने नीती, राजकारण किंवा विज्ञानावरचा प्रश्न चर्चेला आणावा लागे आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतः लिहिलेला निबंध वाचावा लागे. आडमुठेपणाने स्वतःचंच खरं करणाऱ्याला किंवा दुसऱ्याचं म्हणणं तोंडावर खोडून काढणाऱ्याला लहानसा दंड होई. काचकाम करणारा थॉमस गॉडफ्री पट्टीचा गणिती होता, पण प्रत्येकाच्या प्रत्येक वाक्यात काटेकोरपणा शोधायचा आणि क्षुल्लक मुद्द्यावर गाडी अडवायचा. तो लवकरच गटाबाहेर पडला.

आता या गटातून फ्रँकलिनला काम कसं मिळालं ते पाहू. पुढच्या वर्षी त्याने ह्यू मेरेडिथ या सहकाऱ्याबरोबर स्वतःचा छापखाना काढला. शहरात दोन छापखाने आधीच होते. तिसरा चालणार नाही असं जाणकारांचं मत होतं. छपाईचे खिळे नुकतेच उघडून लावले होते, हातात पैसा उरला नव्हता, तेवढ्यात जॉर्ज हाउस नावाचा ओळखीचा माणूस एका खेडुताला घेऊन आला. तो खेडूत रस्त्यात छापखाना कुठे आहे हे विचारत होता. त्याने दिलेले पाच शिलिंग ही या छापखान्याची पहिली कमाई. फ्रँकलिनने पुढे लिहून ठेवलं आहे की नंतर मिळालेल्या कुठल्याही रकमेपेक्षा या पाच शिलिंगांनी आपल्याला जास्त आनंद दिला, आणि हाउसबद्दलच्या कृतज्ञतेमुळे आपण पुढे नवख्यांना मदत करायला अधिक तत्पर राहिलो.

मोठं काम आणलं ते जंटोतल्या लेखनिकाने, जोसेफ ब्राइंटनलने. क्वेकर पंथाच्या इतिहासाचा जाडजूड ग्रंथ छापायचा होता. त्यातले चाळीस ताव त्याने फ्रँकलिनला मिळवून दिले. बाकीचं काम दुसऱ्या छापखान्याकडे होतं. इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही गटात घडते : ओळख होती, शब्द टाकला, काम आलं. खरी गंमत पुढे आहे. दर अगदीच कमी होता. फ्रँकलिनने ठरवलं की रोज एक ताव जुळवायचाच. तो खिळे जुळवायचा, मेरेडिथ छापायचा. मित्रांनी पाठवलेली किरकोळ कामं मध्येच येत, त्यामुळे दुसऱ्या दिवसासाठी खिळे सोडून परत घरात लावेपर्यंत रात्रीचे अकरा वाजत, कधी त्याहूनही उशीर होई. एका रात्री काम संपलं असं वाटत असताना एक फर्मा मोडला आणि दोन पानांचे खिळे विस्कटून गेले. झोपायच्या आधी त्याने ती दोन्ही पानं पुन्हा जुळवली.

हे शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. व्यापाऱ्यांच्या क्लबात या नव्या छापखान्याचा विषय निघाला तेव्हा बहुतेकांनी तो बुडणार असं भाकीत केलं. डॉक्टर बेअर्ड यांनी मात्र वेगळं मत दिलं. आपण रात्री क्लबातून घरी जातो तेव्हा हा पोरगा काम करत असतो आणि सकाळी शेजारी उठायच्या आत पुन्हा कामाला लागलेला असतो, असा उद्योगी माणूस आपण पाहिला नाही, अशा अर्थाचं ते बोलले. त्यानंतर तिथल्याच एका व्यापाऱ्याने फ्रँकलिनला विक्रीसाठी कागद-लेखणीचा माल उधारीवर द्यायची तयारी दाखवली.

इथे थोडं थांबायला हवं, कारण गटाचा फायदा नेमका कसा होतो ते या प्रसंगात दिसतं. ब्राइंटनलच्या शब्दामुळे चाळीस ताव आले, आणि तेवढ्यावर थांबले असते तर ते एक काम होऊन संपलं असतं. चाळीस ताव ज्या रीतीने पूर्ण झाले त्या रीतीने फ्रँकलिनची कीर्ती अशा खोलीत पोहोचवली जी जंटोच्या वर्तुळाबाहेरची होती. गट पहिलं काम मिळवून देतो. पुढचं काम त्या पहिल्या कामातून येतं, आणि ते बहुतेक वेळा गटाबाहेरून येतं.

हेच डोळे उलट्या बाजूनेही पाहत असतात. मेरेडिथच्या वडिलांनी छापखान्यात घालायचं कबूल केलेले सगळे पैसे त्यांना देता आले नाहीत आणि ज्याचं देणं थकलं होतं त्या व्यापाऱ्याने दावा लावला. छापखाना जायची वेळ आली. तेव्हा जंटोतले दोन मित्र, कारकून विल्यम कोलमन आणि सधन घरचा रॉबर्ट ग्रेस, एकमेकांना काहीही न सांगता, न मागता, वेगवेगळे येऊन फ्रँकलिनला भेटले. संपूर्ण धंदा एकट्याने घ्यायला लागेल तेवढी रक्कम देण्याची तयारी दोघांनीही दाखवली. अट एकच : मेरेडिथबरोबरची भागीदारी नको. मेरेडिथ रस्त्यात दारू पिऊन हिंडताना आणि गुत्त्यात जुगार खेळताना लोकांना दिसत होता. मेरेडिथही जंटोचा सभासद होता. शुक्रवारी तोही त्याच खोलीत बसत होता, तेच प्रश्न ऐकत होता. सभासद दोघेही होते; फरक पडला तो शुक्रवार ते शुक्रवारच्या मधल्या दिवसांमुळे. फ्रँकलिनने दोघांकडून निम्मी निम्मी रक्कम घेतली, कारण कुणालाच दुखवायचं नव्हतं, आणि मेरेडिथ आपल्या वाटेने गेला.

सभेवरच सगळं लक्ष देणाऱ्यांना हा भाग रुचत नाही. पण केवळ हजेरीचा काही उपयोग नाही असंही मी म्हणत नाही. नियमित भेटीचं महत्त्व रॉबर्ट ॲक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञाच्या कामात फार स्वच्छ दिसतं. त्याने अभ्यासकांकडून संगणकाचे छोटे कार्यक्रम मागवले आणि त्यांना एकमेकांविरुद्ध एक खेळ खेळायला लावला. त्यात प्रत्येक फेरीला सहकार्य करायचं की दगा द्यायचा हे ठरवावं लागे. जिंकला तो अनातोल रॅपोपोर्टने पाठवलेला, सगळ्यांत साधा कार्यक्रम. तो सुरुवात सहकार्याने करायचा आणि पुढे समोरच्याने आधीच्या फेरीत जे केलं तेच करायचा. दुसऱ्या स्पर्धेतही तोच जिंकला. 1984च्या आपल्या पुस्तकात ॲक्सेलरॉडने दाखवलं की सहकार्य टिकतं ते पुन्हा भेट होणार असल्याच्या खात्रीमुळे. भेट एकदाच होणार असेल तर दगा फायद्याचा ठरतो. दर आठवड्याला त्याच माणसाच्या डोळ्यांत पाहायचं असेल तर हिशेब पार बदलतो. गटाचं ठरलेलं वेळापत्रक म्हणजे ही खात्री. जो मध्येच गायब होतो, त्याच्या बाबतीत बाकीच्यांची ही खात्री संपते आणि त्याच्यासाठी जोखीम घ्यायचं ते थांबवतात. त्यात राग नसतो. त्याचं नाव योग्य क्षणी ओठावर येत नाही, इतकंच.

दुसरा एक अभ्यास नव्या सभासदाचा मोठा गैरसमज दूर करतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1970च्या सुमारास बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, ही जागा तुम्हाला कुणाकडून कळली? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी ज्यांचा त्या ओळखीशी वारंवार संबंध येत होता असे जेमतेम 17 टक्के निघाले. सुमारे 56 टक्क्यांचा अधूनमधून येत होता आणि 28 टक्क्यांचा क्वचितच. जवळची माणसं आपल्याच वर्तुळात वावरतात. त्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. गटाला हे लावून पाहा. समोर बसलेली तीस माणसं हे तुमचे तीस ग्राहक नव्हेत. त्यांना तुमचा माल विकायला निघालात तर महिन्याभरात सगळे संपतील आणि कंटाळतीलही. प्रत्येकाच्या मागे शे-दोनशे लोकांचा गोतावळा आहे आणि तुम्हाला तिथे पोहोचायचं आहे. तिथलं दार मात्र समोरचा माणूसच उघडू शकतो.

एक कल्पित उदाहरण घेतो, वॉटरप्रूफिंगचं, कारण मुंबई-ठाण्यात यासाठी याहून चांगला धंदा मला सुचत नाही. समजा, एक उद्योजिका इमारतींच्या वॉटरप्रूफिंगचं काम करते. ऑक्टोबरात ती गटात आली. पहिल्या सभेत म्हणाली, 'आम्ही सर्व प्रकारचं वॉटरप्रूफिंग करतो, कुणाला गरज असेल तर सांगा.' हे वाक्य ऐकून कुणाच्याच डोळ्यांपुढे कोणी आलं नाही. सर्व प्रकारचं काम म्हटलं की ऐकणाऱ्याला त्यातलं एकही आठवत नाही.

आता तिने वेगळा विचार केला. गळतीची पहिली तक्रार ऐकतो कोण? रंगकाम करणारा, कारण भिंतीचे पोपडे त्यालाच दिसतात. लिफ्टची देखभाल करणारा, कारण पाणी लिफ्टच्या खड्ड्यात साचतं. इलेक्ट्रिशियन, कारण ओल वायरिंगमध्ये उतरली की शॉर्टसर्किट होतं. सोसायट्यांचं ऑडिट करणारा सीए, कारण दुरुस्ती निधीचा विषय त्याच्यासमोर निघतो. जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करणारा अभियंता. तीस जणांच्या गटात यातले तीन-चार तरी असतातच. तिने या प्रत्येकाशी वेगळं बसून बोलायचं ठरवलं. अशा भेटींना सभासद 'वन-टू-वन' म्हणतात. त्यात तिने स्वतःचं माहितीपत्रक काढलं नाही. त्यांचा धंदा समजून घेतला आणि शेवटी एवढंच विचारलं, की सोसायटीत अमुक दिसलं तर मला एक फोटो पाठवाल का?

पुढच्या सभांमध्ये तिचं मिनिटभराचं भाषणही बदललं. एका आठवड्यात ती फक्त गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखालच्या ओलीबद्दल बोलली, दुसऱ्या आठवड्यात वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून खाली झिरपणाऱ्या पाण्याबद्दल. एका वेळी एकच गोष्ट, तीही फोटोसकट. एखादा सभासद दोन महिन्यांनी कुणाच्या घरी गेला आणि छताला तसाच डाग दिसला, की त्याला ती आठवणारच.

मग जून उजाडला. सीएने एका सोसायटीत तिचं नाव सांगितलं. ती गेली, गच्ची पाहिली, आणि सेक्रेटरींना लेखी कळवलं की गच्ची ठीक आहे, पाणी वरच्या फ्लॅटच्या नळजोडणीतून येतंय, तुम्हाला प्लंबर हवाय. गटातल्या प्लंबरला ते काम मिळालं. तिला त्या दिवशी एक रुपया मिळाला नाही. पण आपल्या अशिलाला हिने नको असलेला खर्च गळ्यात मारला नाही, हे त्या सीएने पाहिलं. यापुढे तो तिचं नाव न कचरता घेईल. भाषणातून हे कधीच घडलं नसतं.

आणि कामाचं काय? सोसायटीचा कारभार कसा चालतो ते ठाऊक असलेल्यांना यातली दिरंगाई कळेल. पावसात तक्रारी येतात, व्यवस्थापक समितीत विषय निघतो, 30 सप्टेंबरपर्यंतच्या वार्षिक सभेत खर्चाला मंजुरी मिळते, मग कोटेशनं मागवली जातात, आणि गच्चीचं काम निघतं ते पाऊस पूर्ण थांबल्यावर, दिवाळीनंतर. म्हणजे जुलैत उच्चारलेल्या नावाचा चेक हातात पडतो तो जानेवारीत. ऑक्टोबरात आलेली ही बाई मार्चमध्ये 'इथे काही मिळत नाही' म्हणून निघून गेली असती, तर तिच्या धंद्याचं एक आवर्तनही तिला गटात पाहायला मिळालं नसतं. प्रत्येक धंद्याचं असं स्वतःचं आवर्तन असतं. विमा, कर, लग्नाचे हॉल, शाळेचे गणवेश, औद्योगिक यंत्रं यांचे हंगाम निरनिराळे. गटाचं मोल ठरवायचं तर निदान आपल्या धंद्याचं एक अख्खं आवर्तन तिथे काढायला हवं.

सातत्य म्हणजे नुसतं टिकून राहणं असं मात्र समजू नये. मी पाहिलेल्या गटांत सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते एका साध्या गोष्टीकडे : रेफरन्स मिळाल्यावर तो देणाऱ्याला पुढचं कळवणं. तुमच्यासाठी कुणी शब्द टाकला, तुम्ही त्या माणसाला फोन केला, भेटलात, दर जुळला नाही, विषय संपला. शब्द टाकणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. महिन्याभराने त्याचा अशील त्याला विचारतो, 'तुमचे ते गृहस्थ पुन्हा फिरकलेच नाहीत.' तो ओशाळतो, आणि पुन्हा तुमचं नाव घेत नाही. हे टाळायला दोन मिनिटांचा फोन पुरतो. नाव मिळालं त्याच दिवशी संपर्क करावा, आणि काम झालं नाही तरी का झालं नाही ते सांगावं. काम न झाल्याची बातमी प्रामाणिकपणे कळवणाऱ्या माणसावरचा विश्वास वाढतो, असा माझा पक्का अनुभव आहे.

देणाऱ्याच्या बाजूनेही अशीच काळजी हवी. व्हॉट्सॲपवर कुणाचा तरी नंबर पाठवून 'यांना फोन करा, माझं नाव सांगा' म्हणणं म्हणजे रेफरन्स देणं नव्हे. ज्याला गरज आहे त्याला आधी विचारावं, त्याची गरज नेमकी काय ते ऐकून घ्यावं, त्याच्या संमतीने नंबर द्यावा, आणि शक्य असेल तर दोघांची गाठ स्वतः घालून द्यावी. असा एक रेफरन्स नुसत्या पाठवलेल्या दहा नंबरांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

इथे आजच्या बऱ्याच गटांबद्दलची माझी मोठी तक्रार येते. आठवड्याला इतके रेफरन्स, महिन्याला इतके पाहुणे, असे आकडे लावले की सभासद आकडे भरायला लागतात. कुणीतरी शेजाऱ्याला विचारतो, 'माझ्या नावावर एक लिहून टाक ना.' मोजणं वाईट नाही. पण मोजलेलं फुगतं. सुरुवातीच्या शिकागो रोटरीतही सभासदांनी आपसात केलेल्या व्यवहारांची नोंद ठेवण्यासाठी खास पदाधिकारी नेमलेला होता. 1906मध्ये डोनाल्ड कार्टर या पेटंटच्या वकिलाला सभासदत्व देऊ केलं, तेव्हा त्याने विचारलं की हा क्लब फक्त आपापसात धंदा वाढवण्यासाठी असेल तर तो टिकेल कसा? शहरासाठी याचा काही उपयोग आहे का? त्याच्या आग्रहाने क्लबाच्या उद्देशांत लोकहिताची भर पडली आणि 1907मध्ये शिकागोच्या नगरपालिका इमारतीजवळ सार्वजनिक स्वच्छतागृह उभारण्याच्या कामाला क्लबाने चालना दिली. आपसातल्या व्यवहारांची मोजदाद कालांतराने मागे पडली. रोटरी मात्र वाढत गेली. एकत्र मिळून एखादं तिसरंच काम करताना माणसं एकमेकांना जितकी कळतात तितकी समोरासमोर बसून धंद्याबद्दल बोलताना कळत नाहीत. वेळेवर कोण येतं, कबूल केलेली जबाबदारी कोण विसरतं, पैशांचा हिशेब कोण चोख देतं, हे तिथे आपोआप दिसतं. जंटोतल्या मंडळींनी पुस्तकं एकत्र ठेवून पाहिली. त्या खटाटोपातून 1731मध्ये फिलाडेल्फियाचं वर्गणीदार ग्रंथालय निघालं, आणि ते आजही चालू आहे. तुमच्या गटात रक्तदान शिबिर किंवा उद्योगाचं प्रदर्शन भरत असेल तर त्याची जबाबदारी मागून घ्यावी. मंचावरची नको, खुर्च्यांची, पावत्यांची, वेळापत्रकाची घ्यावी.

भांडणंही होणार. ती कुठल्याच गटाला चुकलेली नाहीत. 1765मध्ये लंडनहून ह्यू रॉबर्ट्स या जुन्या मित्राला लिहिताना फ्रँकलिनने त्याला जंटोला जात राहण्याची गळ घातली. पेनसिल्व्हेनियाच्या राजकारणाने मित्रामित्रांत कडवटपणा आला होता आणि तो बैठकीतही उतरत असे, हे त्याला माहीत होतं. तरीही जा, असं त्याने लिहिलं. क्लबाला तेव्हा चाळीस वर्षं व्हायला दोनच वर्षं उरली होती.

म्हणून कोणत्याही गटात आयुष्यभर राहावं असं मात्र मी सांगणार नाही. तुमच्या धंद्याचं एक आवर्तन पूर्ण झालं, तुम्ही नियमित गेलात, निदान डझनभर लोकांचा धंदा नीट समजून घेतला, त्यांना खरी कामं मिळवून दिलीत, आणि तरीही तुमच्या ग्राहकांपर्यंत पोहोचणारी माणसंच त्या गटात नाहीत असं दिसलं, तर बाहेर पडावं. कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्याचा घरगुती सेवा देणाऱ्यांच्या गटात जीव रमणार नाही. त्याने एमआयडीसीतल्या संघटनेत जावं. फक्त बाहेर पडतानाही नीट पडावं. हातात असलेले रेफरन्स पूर्ण करावेत, कुणाचं काम अर्धवट असेल तर ते तडीस न्यावं, ज्यांनी तुमच्यासाठी शब्द टाकला त्यांना एकेकाला फोन करून सांगावं. ॲक्सेलरॉडच्या खेळात शेवटची फेरी कोणती हे आधी कळलं तर त्या फेरीत दगा देणं फायद्याचं ठरतं. गावात मात्र शेवटची फेरी नसते. ज्या सीएचा निरोप घ्यायचं तुम्ही टाळलंत, तोच दोन वर्षांनी एखाद्या बँकेच्या कर्ज विभागात तुमच्या फाइलवर मत द्यायला बसलेला असू शकतो.